नाजूक पोटासाठी व्हीगन, ग्लूटेनविरहित फळं-सुकामेव्याचा केक

अंडी, दूध आणि गहू काढला की केक पोटाला आपोआप हलका होतो, हा समज आधी बाजूला ठेवायला हवा. बहुतेक व्हीगन, ग्लूटेनविरहित केकमध्ये गोडीसाठी खजूर असतो, ओलाव्यासाठी सफरचंदाचा गर, वरच्या थरासाठी भिजवून वाटलेले काजू, पिठात बेसन आणि ‘साखर नाही’ असं म्हणता यावं म्हणून झायलिटॉल किंवा माल्टिटॉल. वगळलेल्या तीन जिनसांच्या जागी पोट फुगवणाऱ्या पाच जिनसा आल्या. असा केक खाल्ल्यावर तासा-दोन तासांत पोट डब्ब झालं, तर दोष ग्लूटेनचा, म्हणजे गव्हातल्या चिकट प्रथिनाचा, नसतो.

म्हणून इथे काय वगळलं यापेक्षा एका कापात काय किती गेलं, हा हिशोब धरून कृती दिली आहे. सगळी मापं १२ कापांच्या एका लोफ केकची आहेत. एक काप साधारण ७५ ग्रॅमचा.

त्रास नेमका कशाचा?

ग्लूटेन टाळणाऱ्यांत तीन वेगळे गट असतात आणि तिघांची गरज सारखी नसते. सीलिअॅक आजार (ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याला इजा करते तो) असलेल्यांना ग्लूटेनचा कणही चालत नाही. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ‘ग्लूटेनविरहित’ म्हणण्याची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे, म्हणजे गव्हाच्या पिठाने माखलेली चाळणी पुन्हा वापरणंही धोक्याचं. दुसरा गट गव्हाची अॅलर्जी असलेल्यांचा. तिसरा आणि सर्वांत मोठा गट आतड्याच्या संवेदनशीलतेचा, म्हणजे आयबीएस (इरिटेबल बाउल सिंड्रोम) वगैरे. या लोकांना गहू सोसत नाही, पण कारण बऱ्याचदा ग्लूटेन नसून गव्हातलं फ्रुक्टन असतं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्लोच्या एका अभ्यासात, स्वतःहून ग्लूटेन सोडलेल्या ५९ जणांना काय दिलं जातंय ते न सांगता ग्लूटेन, फ्रुक्टन आणि दोन्ही नसलेल्या वड्या आळीपाळीने दिल्या गेल्या. जास्त त्रास फ्रुक्टनच्या वड्यांनी झाला. (सीलिअॅकची तपासणी व्हायची असेल, तर ती होईपर्यंत ग्लूटेन सोडू नका. आहारातच नसेल तर रक्ततपासणी खोटा दिलासा देते.)

फ्रुक्टन हे ‘फॉडमॅप’ नावाच्या गटातलं. लहान आतड्यात नीट शोषल्या न जाणाऱ्या शर्करांचा हा गट. त्या आतड्यात पाणी ओढतात आणि पुढे मोठ्या आतड्यात जिवाणू त्यांना आंबवून वायू तयार करतात. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने कोणत्या पदार्थात त्या किती आहेत हे मोजून ठेवलंय आणि त्यात प्रमाणाला फार महत्त्व आहे. १० बदाम चालतात, २० बदाम जड पडतात. तोच बदाम, फक्त संख्या दुप्पट. केकमध्ये नेमकी हीच गफलत होते, कारण दळलेले बदाम मोजले जात नाहीत. निव्वळ बदामपिठाच्या केकमध्ये ३०० ग्रॅम पूड सहज लागते. १२ कापांत वाटली तरी प्रत्येकाच्या वाट्याला २५ ग्रॅम, म्हणजे वीस-एक बदाम.

काय टाळायचं, काय घ्यायचं

काजू आणि पिस्ते या केकमधून पूर्ण बाद. दोन्हीत फॉडमॅप भरपूर. अक्रोड, पिकॅन आणि मॅकाडेमिया बेताने चालतात. बदाम फक्त आधारापुरते.

सुक्या फळांत खजूर, अंजीर, जर्दाळू आणि आलुबुखार हे चौघे त्रासाचे. जर्दाळू आणि आलुबुखारात सॉर्बिटॉल (तेही फॉडमॅपपैकीच) असतं, आलुबुखार बद्धकोष्ठावर चालतो त्यामागे हेही एक कारण आहे. बेदाणे आणि सुक्या क्रॅनबेरी थोड्या प्रमाणात ठीक. क्रॅनबेरी सफरचंदाच्या रसात गोड केलेल्या नाहीत ना, ते पाकिटावर वाचा. तयार चिरलेल्या खजुरावर किंवा फळांवर चिकटू नये म्हणून ओटचं किंवा दुसरं पीठ भुरभुरलेलं असू शकतं, तेव्हा सीलिअॅक असलेल्यांनी अखंड फळ आणून स्वतः चिरावं.

सफरचंद आणि नासपती यांचा गर अंड्याऐवजी सर्रास सुचवला जातो. या केकसाठी तो नको, कारण फ्रुक्टोज आणि सॉर्बिटॉल दोन्ही त्यात आहेत. केळं वापरायचंच असेल तर पिवळं, घट्ट, ठिपके नसलेलं घ्या. केळं जसं पिकतं तसं त्यातलं फ्रुक्टन वाढतं, त्यामुळे काळपट पडलेलं केळं केकला उत्तम आणि पोटाला वाईट.

बेसन, सोयाचं पीठ आणि काबुली चणे शिजवलेलं पाणी, तिन्ही टाळा. चणे शिजताना वायू करणाऱ्या शर्करा पाण्यात उतरतात, आणि त्याच पाण्याचा फेस अंड्याच्या पांढऱ्याऐवजी वापरायला सांगतात. अख्ख्या सोयाबीनचं दूधही नको. बदामाचं साधं, बिनसाखरेचं दूध चालतं, मात्र त्यात इन्युलिन किंवा चिकोरीच्या मुळाचा अर्क नाही ना ते बघा. हा तंतू ‘आरोग्यदायी’ म्हणून हल्ली कशातही घालतात आणि तो सरळसरळ फ्रुक्टन आहे.

गोडीसाठी साधी साखर. हे ऐकून काहींचा भ्रमनिरास होईल, पण साखर लहान आतड्यात व्यवस्थित शोषली जाते. अगाव्ह सिरपमध्ये मोकळं फ्रुक्टोज जास्त असतं, त्याहून साखर परवडली. मेपल सिरपही चालतं.

झँथन आणि ग्वार गम हे बांधून धरणारे पदार्थ काही जणांना सोसत नाहीत, विशेषतः ग्वार. इथे ते काम इसबगोल आणि जवसाकडे आहे. इसबगोल पाण्यात जेलीसारखं फुलतं आणि आतड्यात फारसं आंबत नाही, म्हणून वायू कमी.

ओट साध्या पाकिटातले असतील तर शेतातून आणि गिरणीतून गव्हाचे दाणे त्यांत आलेले असू शकतात. शिवाय सीलिअॅक असलेल्या काही जणांना शुद्ध ओटही सोसत नाहीत. या कृतीत ओट नाहीतच.

साहित्य

२३ × ११ सेंमीचा लोफ टिन. चमचा म्हणजे ५ मिली, मोठा चमचा १५ मिली. पिठं मात्र वजनावर घ्या. तांदळाच्या पिठाचा एक कप दाबून भरला की सैल भरला यावर १२० ते १६० ग्रॅम होतो, आणि ग्लूटेन नसलेल्या केकला एवढा फरक पेलत नाही.

- तांदळाचं अगदी बारीक पीठ १४० ग्रॅम
- ज्वारीचं पीठ ६० ग्रॅम
- बटाट्याचा स्टार्च ५० ग्रॅम (यातले १५ ग्रॅम वेगळे काढून ठेवा)
- सोललेल्या बदामांची बारीक पूड ६० ग्रॅम
- इसबगोलाचा भुसा ६ ग्रॅम
- जवसाची ताजी पूड १४ ग्रॅम, कोमट पाणी ९० मिली
- साखर ११० ग्रॅम
- बदामाचं दूध १८० मिली, वर ३० मिली हाताशी
- वास नसलेलं तेल ७० मिली
- लिंबाचा रस १५ मिली
- बेकिंग पावडर २ चमचे, खाण्याचा सोडा पाव चमचा
- मीठ पाव चमचा, दालचिनी पूड १ चमचा, सुंठ अर्धा चमचा
- एका संत्र्याची किसलेली साल, फक्त नारिंगी भाग
- बेदाणे ६० ग्रॅम, सुक्या क्रॅनबेरी ४० ग्रॅम
- अक्रोड ७० ग्रॅम

बटाट्याचा स्टार्च आणि बटाट्याचं पीठ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पीठ घातलं तर केक डिंकासारखा होतो. बेकिंग पावडरमध्येही भर म्हणून गव्हाचा स्टार्च असू शकतो, तेव्हा लेबल वाचा.

एका कापाचा हिशोब असा: बदामपूड ५ ग्रॅम, अक्रोड जेमतेम ६ ग्रॅम, सुकं फळ ८ ग्रॅमच्या आसपास, साखर ९ ग्रॅम आणि तंतू अडीच ते तीन ग्रॅम. तेल सव्वापाच ग्रॅम पडतं, आणि ते मुद्दाम बेताचं ठेवलंय. स्निग्ध पदार्थ जास्त झाले की जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, मग पोट भरून आल्यासारखं वाटतं.

कृती

१. बेदाणे आणि क्रॅनबेरी कढत पाण्यात अर्धा तास भिजवा. पाणी निथळून फेकून द्या, फळं कापडावर कोरडी करा. मोठी असतील तर अर्धी चिरा. न भिजवलेलं सुकं फळ केकमधलं पाणी शोषतं आणि भोवती कोरडा, भुगा होणारा भाग तयार होतो. फळाच्या पाण्यात थोड्या शर्करा उतरलेल्या असतात, म्हणून ते पाणी दुधाऐवजी वापरायचा मोह टाळा.

२. अक्रोड १६० अंशांवर ८ मिनिटं भाजा, गार करा, कापडात चोळून सुटतील तेवढी सालं काढा. कडवटपणा सालातच असतो. मग ५ मिलिमीटरपेक्षा मोठा तुकडा राहणार नाही असे चिरा. हे दिसण्यासाठी नाही. नीट न चावलेला मोठा तुकडा नाजूक पोटात दगडासारखा बसतो.

३. जवसाची पूड कोमट पाण्यात मिसळून १५ मिनिटं ठेवा. चमचा उचलल्यावर तार सुटली पाहिजे.

४. तांदळाचं पीठ, ज्वारीचं पीठ, ३५ ग्रॅम स्टार्च, मीठ, दालचिनी, सुंठ एकत्र दोनदा चाळा. बदामपूड त्यात हाताने चोळून मिसळा. बेकिंग पावडर आणि सोडा अजून नाही.

५. दुसऱ्या भांड्यात साखर आणि इसबगोल कोरडेच मिसळा. इसबगोल थेट दुधात टाकलं तर क्षणात गोळे होतात आणि ते मोडत नाहीत. साखरेत विखुरलं की हा प्रश्न येत नाही. आता त्यावर दूध, तेल, जवसाची जेली आणि संत्र्याची साल घालून मिनिटभर फेटा, पाच मिनिटं राहू द्या.

६. ओलं मिश्रण पिठात ओता आणि दीड-दोन मिनिटं चांगलं घोटा. गव्हाच्या केकमध्ये जास्त ढवळलं की केक चिवट होतो, इथे ग्लूटेनच नाही, तेव्हा हात आखडू नका. झाकून २० मिनिटं ठेवा. ही २० मिनिटं वगळली तर केक नक्की रवाळ लागतो, कारण तांदळाच्या पिठाचा कण सावकाश पाणी पितो. तेवढ्यात ओव्हन १७० अंशांवर (पंखा चालू असेल तर १५५) तापायला लावा आणि टिनला बटर पेपर लावा. कागद दोन्ही बाजूंनी वर येऊ द्या, काढताना तेच हँडल.

७. आता मिश्रण तपासा. चमच्याने उचललं तर ते दोन-तीन सेकंद थबकून गोळ्याने पडलं पाहिजे. पडतच नसेल तर राखलेलं दूध एकेक मोठा चमचा घाला. धार लागली तर फळं तळाशी जाणार. अशा वेळी आणखी १० मिनिटं थांबा, इसबगोल बहुतेकदा सावरून घेतं.

८. राखलेल्या स्टार्चपैकी १० ग्रॅममध्ये बेकिंग पावडर आणि सोडा मिसळून मिश्रणावर चाळा, अर्धा मिनिट भराभर ढवळा. उरलेला ५ ग्रॅम स्टार्च फळांना चोळा. लिंबाचा रस घाला, एकदा फिरवा, लगेच फळं आणि अक्रोड घालून हलक्या हाताने एकजीव करा. रस पडला की वायू सुटायला लागतो, त्यामुळे इथून पाच मिनिटांत टिन ओव्हनमध्ये गेला पाहिजे.

९. टिन भरा, ओल्या चमच्याने वरचा भाग सपाट करा आणि तेल लावलेल्या सुरीने मधोमध लांब चीर द्या. केक फुटणार तो तिथेच फुटेल. मधल्या फळीवर ५५ ते ६५ मिनिटं भाजा. पहिली ३५ मिनिटं दार उघडायचं नाही. ४० मिनिटांनी वरचा रंग पाहून फॉइल सैलसर टाका.

१०. काडी कोरडी आली म्हणजे झालं, हा नियम इथे फसवतो. इसबगोलामुळे काडी पूर्ण भाजलेल्या केकमधूनही किंचित चिकट येऊ शकते, आणि फळात गेली तर ओली येतेच. अन्नाचा थर्मामीटर मध्यभागी खुपसा, ९७ अंश दिसले की काढा.

११. टिनमध्ये १५ मिनिटं, मग जाळीवर किमान अडीच तास. गरम कापू नका. ग्लूटेन नसल्यामुळे केकचा सांगाडा हा सगळा स्टार्चचा असतो, आणि स्टार्च गार होतानाच घट्ट बसतो. गरम कापलेला केक आत कच्चट दिसतो आणि लोक भाजण्याला दोष देतात.

बिघडलं तर

तळाशी दाट, लिबलिबीत थर बसला असेल तर बहुधा इसबगोल जास्त झालं, चमच्याने मोजलं की असंच होतं. भुशापेक्षा इसबगोलाची पावडर वजनदार आणि जास्त पाणी पिणारी असते. पावडरच असेल तर ४ ग्रॅम पुरे. दुसरं कारण म्हणजे ओव्हनचा आकडा आणि आतलं तापमान यांत तफावत. २० अंशांचा फरक दुर्मिळ नाही, आत ठेवायचा स्वस्त थर्मामीटर घ्याच.

मध्यभागी खड्डा पडला, तर वायू जास्त आणि आधार कमी. सोडा ‘अंदाजे’ पडला, दार लवकर उघडलं किंवा केक ९७ अंशांच्या आधीच निघाला. साबणासारखी किंवा धातूसारखी चव आली, तर सोडा लिंबाच्या मानाने जास्त. १५ मिली रस साधारण पाव चमचा सोड्यालाच पुरतो, त्यापेक्षा जास्त सोडा घालून केक जास्त फुगत नाही.

काप भुगा होऊन पडतात, तेव्हा जवस जुना आहे का ते पाहा. महिनोन्महिने दळून ठेवलेल्या पुडीला खवट वास येतो, आणि खवट तेल पोटालाही बरं नाही. जवस हवा तेवढाच दळा.

केक आतून जांभळट किंवा करडा निघाला तर घाबरू नका, काही इसबगोल भाजल्यावर तसा रंग देतं.

बदल करायचे असतील तर

सुकामेवा अजिबात चालत नसेल तर बदामपुडीऐवजी सूर्यफुलाच्या बियांची पूड आणि अक्रोडाऐवजी भोपळ्याच्या बिया. दूधही मग तांदळाचं. सूर्यफुलाच्या बियांतलं क्लोरोजेनिक आम्ल सोड्याशी भिडलं की केक गार होताना हिरवा पडतो. खायला निर्धोक असतो, पण बुरशी समजून फेकला जातो. सोडा वगळलात तर हिरवेपणा बराच कमी होतो.

आम्लपित्ताचा त्रास असेल तर लिंबू, संत्र्याची साल आणि सोडा तिन्ही काढा, बेकिंग पावडर २ ऐवजी ३ चमचे करा आणि १५ मिली दूध वाढवा. जठर सावकाश रिकामं होण्याचा आजार असेल किंवा तंतू कमी करायला सांगितलं असेल, तर हा केक त्यांच्यासाठी नाही. आधी आहारतज्ज्ञाला विचारा.

ताजी फळं हवी असतील तर सुकी फळं वगळून १०० ग्रॅम ब्लूबेरी घ्या, कोरड्या करून, आणि दूध ३० मिलीने कमी करा. फळं फुटून पाणी सोडतात, म्हणून भाजायला पाच-सात मिनिटं जास्त लागतात.

पोटाची ओळख करून देताना

पहिल्या खेपेला फळं आणि अक्रोड न घालता नुसता केक भाजा (टिन कमी भरतो, म्हणून ४५ मिनिटांपासून तपासा). एक काप खा, पुढचे दोन दिवस दुसरं काही नवं खाऊ नका. ठीक वाटलं तर पुढच्या केकमध्ये अक्रोड, त्यानंतरच्या केकमध्ये फळं. सगळं एकदम घालून त्रास झाला तर नेमकं कोणी गडबड केली ते कधीच कळत नाही. तंतूंची सवय नसेल तर सुरुवात अर्ध्या कापाने करा आणि बरोबर पेलाभर पाणी प्या, इसबगोल कोरडं राहिलं की बद्धकोष्ठ होतं. आणि कृती जमली म्हणून एका बैठकीत तीन काप खाल्ले, तर वरचा सगळा हिशोब तिप्पट होतो.

केक हवाबंद डब्यात बाहेर दोन दिवस राहतो. फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथल्या थंडीत स्टार्च सर्वांत वेगाने कडक होतो आणि केक दुसऱ्या दिवशीच खडूसारखा लागतो. दोन दिवसांत संपणार नसेल तर पूर्ण गार झाल्यावर लगेच काप करा, प्रत्येकाच्या मध्ये बटर पेपर घाला आणि फ्रीझरमध्ये ठेवा, दोन महिने टिकतो. खाताना एकच काप काढून १५० अंशांवर सात-आठ मिनिटं गरम करा. टोस्टर वापरणार असाल आणि घरात कुणी सीलिअॅकचा रुग्ण असेल, तर गव्हाचा पाव ज्यात भाजला जातो तो टोस्टर नको.